कुंभकोणमचे रामानुजन आणि सारणीतून सुटलेली संख्या

तंजावर म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभे राहतात ते व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महालातील मोडी कागदांचे गठ्ठे. ते स्वाभाविकच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत कावेरीच्या या सुपीक त्रिभुज प्रदेशावर भोसल्यांची गादी होती, आणि तिच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे तेथील भातखाचरांच्या आणि देवळांच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते याच प्रदेशातील कुंभकोणम गावी. परंतु त्याच कुंभकोणमच्या एका तमिळ अय्यंगार कुटुंबात वाढलेल्या, जेमतेम ३२ वर्षे जगलेल्या एका पुरुषाविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणित्याचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. आम्ही स्वतः वाङ्मय घेऊन बी. ए. झालेलो, गणितात आमची मजल त्रैराशिकापलीकडे फारशी गेली नाही. तथापि ज्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांतील टेबलाशी घालविली, त्यास हे चरित्र वाचताना गणित बाजूस ठेवूनही पुष्कळ काही हाती लागते.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी इरोड येथे झाला. मातामह तेथील मुन्सफ न्यायालयात अमीन होते. वडील कुंभकोणमच्या एका कापडदुकानात कारकून; आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणून संसाराला चार पैशांची जोड देई. मुलगा दोन वर्षांचा असताना देवीची साथ आली. तंजावर जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. हा वाचला, चेहऱ्यावर व्रण मात्र राहिले. सारंगपाणी मंदिरासमोरच्या सन्निधी रस्त्यावर त्यांचे लहानसे घर होते, आणि ते अद्याप आहे. बाहेर ओटा, आत अरुंद खोली, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. त्या ओट्यावर पाटी घेऊन बसलेला मुलगा देवळात जाणाऱ्या-येणाऱ्यांनी रोज पाहिला असेल. त्या पाटीवर काय लिहिले जात आहे हे त्यांतील कोणाला कळण्याजोगे नव्हते.

१८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत हा मुलगा जिल्ह्यात पहिला आला. टाउन हायस्कुलात असताना, १९०३ च्या सुमारास, कार नावाच्या एका इंग्रज शिकवणी-शिक्षकाने संकलित केलेले पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यात हजारो सूत्रे ओळीने दिलेली, सिद्धता बहुतेक नाहीत. दुसऱ्या कोणी ते पुस्तक बाजूस सारले असते. या मुलाने प्रत्येक सूत्र हे स्वतःपुढचे आव्हान मानले, आणि ती सोडविता सोडविता त्यांच्या पलीकडे जाऊन तो स्वतःची सूत्रे मांडू लागला. कागद महाग, म्हणून काम पाटीवर. पुसावयाचे ते कोपराने. आणि अखेरीस आलेले उत्तर तेवढे वहीत उतरावयाचे. त्यांच्या वह्यांत उत्तरे आहेत, वाटा नाहीत, याचे एक कारण असे अगदी रोकडे आहे. पुढील काळातील थोर थोर गणितींनी त्या वाटा शोधण्यात हयाती वेचल्या.

१९०४ मध्ये शाळेचे गणिताचे पारितोषिक आणि कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती घेऊन रामानुजन महाविद्यालयात गेले, आणि तेथे घसरगुंडी सुरू झाली. गणितावाचून दुसऱ्या विषयात लक्ष लागेना. शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरी न सांगता ते विशाखापट्टणमकडे निघून गेले. १९०६ मध्ये मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा नाव घातले; एफ. ए. ची परीक्षा त्या वर्षी नापास, पुढच्या वर्षी खाजगीरीत्या बसून पुन्हा नापास. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपराने दगा दिला तो कायमचाच. वयाच्या विसाव्या वर्षी हातात एकही पदवी नाही, घरात खाणारी तोंडे, आणि वही मात्र भरत चाललेली, अशी अवस्था होती. परीक्षा घेणाऱ्यांस आम्ही दोष देणार नाही. नियम सर्वांस सारखे असावे लागतात. परंतु सर्वांना सारखे मोजणारे माप एखाद्याच्या बाबतीत पुरे पडत नाही, हे ओळखणारा माणूस त्या खुर्चीवर असावा लागतो. रामानुजन यांच्या भाग्याने तो पुढे भेटला. एक नव्हे, पाच-सात भेटले.

१९०९ मध्ये जानकी या दहा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. आता नोकरी शोधणे भाग होते. १९१० मध्ये ते वही घेऊन तिरुकोविलूरचे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. रामस्वामी अय्यर हे भारतीय गणित परिषदेचे मूळ प्रवर्तक. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, रँग्लर परांजपे यांच्या देखरेखीखाली होते, ही गोष्ट आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रामस्वामी अय्यरांनी वही चाळली आणि एवढ्या गुणी मुलाला महसूल खात्यातील कारकुनीच्या तळच्या पायरीवर बसविण्यास ते धजले नाहीत. मद्रासच्या प्राध्यापकांना चिठ्ठ्या देऊन त्यांनी त्यांस पुढे पाठविले. असे दारोदार फिरत ते नेल्लोरचे कलेक्टर दिवाणबहादुर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रामचंद्र रावांना आरंभी शंका होती. तीन-चार भेटींत ती फिटली, आणि दरमहा २५ रुपये ते स्वतःच्या खिशातून देऊ लागले. १९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला निबंध छापून आला. परंतु काम न करता पैसे घेणे त्यांना रुचेना. काही आठवडे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत हंगामी काम करून १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले.

या पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणाशी आम्हांस थोडे रेंगाळावेसे वाटते. तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ते आणि हा त्यांचा हाताखालचा कारकून पाट्या घेऊन बसत. अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते. त्यांनीही या कारकुनाच्या बाबतीत पत्रव्यवहारास आपले वजन दिले. दुपारच्या वेळी गोदीतील बांधणीचे रद्दी कागद गोळा करून त्यांवर गणिते मांडणारा कारकून वरिष्ठांच्या नजरेस पडला तर काय होते, हे आमच्या वाचकांपैकी नोकरदारांस सांगावयास नको. येथे मेमो निघाला नाही, शिफारस निघाली.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपण वर्षास २० पौंडांवर काम करणारे कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण नाही, असे सांगून सोबत शंभराहून अधिक सूत्रे जोडली. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती सूत्रे तपासली. काही ठाऊक असलेली निघाली, काही चुकीची, आणि काही अशी की पाहता क्षणी थक्क व्हावे. ती खोटी असतील तर अशी खोटी सूत्रे रचण्याची कल्पनाशक्तीच कोणाजवळ नसेल, असा त्यांचा कौल पडला. फेब्रुवारीत हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर पोर्ट ट्रस्टच्या भेटीस आले, त्यांना ते काम दाखविण्यात आले, आणि त्यांनी लगोलग मद्रास विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहिले. नियम आडवा आला, कारण संशोधनवृत्तीस उच्च पदवी आवश्यक होती आणि येथे एफ. ए. सुद्धा नव्हती. तेव्हा कुलगुरू न्यायमूर्ती सुंदरम् अय्यर यांनी विद्यापीठाच्या मूळ कायद्याच्या उद्देशिकेकडे बोट दाखविले. संशोधनाचा उत्कर्ष हा विद्यापीठाच्या हेतूंपैकीच एक आहे, तो नियमाने कसा अडावा? ७५ रुपयांची वृत्ती मंजूर झाली. नियमाच्या आधी उद्देशिका वाचणारा अधिकारी आम्ही आमच्या सेवाकाळात फार थोड्या वेळा पाहिला.

समुद्र ओलांडण्याचा प्रश्न धर्माचा होता. आईचा विरोध होता. नामक्कलच्या नामगिरी देवीने स्वप्नात अनुमती दिली तेव्हा तो मावळला, असे सांगतात. विद्यापीठाने वर्षास २५० पौंड मंजूर केले. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोटीने रामानुजन मद्रासहून निघाले. शेंडी कापली गेली, पायांत बूट आले. चौदा-पंधरा वर्षांची जानकी मागे राहिली. पाच वर्षे त्यांची गाठ पडावयाची नव्हती, आणि नंतरही पडली ती जेमतेम एका वर्षापुरती.

आता मथळ्यातील संख्येकडे वळू. बारा लाडू असले तर ते दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत समान वाटता येतात. तेरा असले की पंचाईत. बाराच्या आतील कोणत्याही संख्येस बाराइतके विभाजक नाहीत. १, २, ३, ४, ६ आणि १२ असे बाराचे सहा विभाजक होतात. २४ ला आठ, ६० ला बारा, ३६० ला चोवीस. डझन, दिवसाचे तास, तासाची मिनिटे, वर्तुळाचे अंश, ही सारी मापे जुन्या लोकांनी अशाच संख्यांत बसविली, त्यामागे वाटणीची सोय होती. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक, तिला आपण अतिसंयुक्त संख्या म्हणू. रामानुजन यांनी या संख्यांचा स्वभाव आरपार पाहिला. अशी संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने मांडली असता २ चा घात सर्वांत मोठा किंवा निदान इतरांइतका असतो, मग क्रमाने ३ चा, ५ चा, ७ चा, असे घात कधी वाढत नाहीत. आणि ४ व ३६ हे दोन अपवाद सोडले तर शेवटच्या मूळ संख्येचा घात नेहमी एकच असतो. १९१५ मध्ये लंडन गणित परिषदेच्या कार्यवृत्तात त्यांचा यावरील साठाहून अधिक पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. परिषदेची आर्थिक ओढाताण होती, म्हणून त्याचा काही भाग छापावयाचा राहिला. तो उजेडात आला १९९७ मध्ये. कागदाची वाण कुंभकोणमच्या ओट्यापासून लंडनपर्यंत या माणसाचा पाठलाग करीत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

या निबंधात अतिसंयुक्त संख्यांची एक सारणी आहे. तीत शंभराहून अधिक संख्या आहेत. यंत्राचे साहाय्य नव्हते, सर्व हाताने. शेवटची संख्या ६७४६३२८३८८८००, म्हणजे ६ लक्ष ७४ हजार ६३२ कोटी ८३ लक्ष ८८ हजार ८००. तिला १०,०८० विभाजक आहेत. पुढे इतरांनी ही सारणी पडताळली तेव्हा एक संख्या सुटल्याचे आढळले. ती अशी : २९३३१८६२५६००. म्हणजे २९ हजार ३३१ कोटी ८६ लक्ष २५ हजार ६००.

आम्ही एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन ही सुटलेली संख्या फोडून पाहिली. तीत २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ दोनदा, ७ दोनदा, आणि ११, १३, १७, १९ एकेकदा येतात. विभाजक मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक घातात एक मिळवून गुणाकार करावयाचा : ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे ५,०४०. गंमत अशी की ५,०४० ही स्वतःच अतिसंयुक्त संख्या आहे. याहून मोठी गंमत पुढे आहे. सुटलेल्या संख्येस २३ ने गुणले की येते ६७४६३२८३८८८००, सारणीतील अगदी शेवटची संख्या! जी ओळ गाळली गेली ती अखेरच्या ओळीच्या पोटात बसलेली आहे. एवढ्या ओळींत एक ओळ नजरेतून निसटणे आम्हांस मुळीच नवलाचे वाटत नाही. नवल वाटते ते उरलेल्या साऱ्या बरोबर असण्याचे. हिशेब खात्यात ज्यांनी हाताने ताळेबंद जुळविले आहेत त्यांस ते अधिक वाटेल.

याच विषयावरील कामासाठी १९१६ च्या मार्चमध्ये केंब्रिजने रामानुजन यांना पदवी दिली. ती बी. ए. ची होती. दोनदा एफ. ए. नापास झालेला माणूस अशा रीतीने बी. ए. झाला.

हार्डींच्या सहवासातील दुसरे मोठे काम संख्यांच्या विभाजनाचे. ४ ही संख्या किती प्रकारांनी मांडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, म्हणजे पाच. कावेरी श्रीरंगमपासून फुटू लागते, कोल्लिडम, वेण्णार, अरसलार अशा शाखा होत होत तिचे पाणी शेतांच्या पाटांत उतरते. त्या प्रदेशात वाढलेल्या मुलास वाटण्याचे गणित सुचावे हे आम्हांस आपले सोयीचे वाटते, गणिती हसतील कदाचित. संख्या वाढू लागली की हे प्रकार भराभर वाढतात. १०० चे प्रकार १९,०५,६९,२९२ होतात. २०० चे प्रकार तोफखान्यातील निवृत्त मेजर मॅकमोहन यांनी हाताने काढले : ३९७२९९९०२९३८८, जवळजवळ ४ लक्ष कोटी. हार्डी-रामानुजन यांनी एक सूत्र बसविले. त्याची केवळ आठ पदे घेऊन बेरीज केली ती आली ३९७२९९९०२९३८८ आणि वर एक सहस्रांशांचे चिमूटभर ०.००४. एवढ्या प्रचंड आकड्यात एकाचाही फरक नाही! मॅकमोहनांच्या सारणीकडे पाहता पाहता रामानुजन यांना आणखी दिसले ते असे, की ज्या संख्येच्या एककस्थानी ४ किंवा ९ असेल तिच्या विभाजनांची संख्या नेहमी ५ ने भागली जाते. सारणी पुष्कळांपुढे असते.

१७२९ ची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. आजारी रामानुजनना भेटावयास हार्डी पटनीला गेले, आपल्या टॅक्सीचा हा क्रमांक अगदी नीरस असल्याचे म्हणाले, आणि रामानुजन यांनी तत्काळ सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे : १ आणि १२ यांचे घन, किंवा ९ आणि १० यांचे. हे एकाएकी स्फुरले असे मानण्याची चाल आहे. परंतु त्यांच्या हस्तलिखितांत त्याच जातीची समीकरणे आढळली आहेत. १३५ आणि १३८ यांच्या घनांची बेरीज १७२ च्या घनाहून केवळ एकाने कमी, अशी. त्या संख्यांशी त्यांचा घरोबा जुना होता. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ असे गोड नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज १९. १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, आणि ९१ म्हणजे उलटलेले १९. आमच्या सुटलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५ येते. ४५ ने भागले, भाग पुरा गेला : ६५१८१९१६८०. हिच्याही अंकांची बेरीज ४५, आणि हीही ४५ ने निःशेष भागली जाते. कापरेकर मास्तरांस ही संख्या भेटावयास हवी होती.

पण ती पाच वर्षे शरीरास मानवली नाहीत. महायुद्धाचे दिवस, कडक शाकाहार, हाताने रांधणे, रात्र-रात्र काम, घरच्या पत्रांची ओढ. १९१७ मध्ये अंथरूण धरले. डॉक्टरांनी क्षय ठरविला. पुढे तपशील पडताळून काहींनी यकृतातील आमांशाचा विकार असावा असे मत दिले आहे, आणि तो बरा होण्यासारखा होता. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आले. त्यापूर्वी हा मान मिळालेले भारतीय एकच, मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी, १८४१ मध्ये. त्याच वर्षी ट्रिनिटीची फेलोशिप आली, आणि मद्रास विद्यापीठानेही वर्षास २५० पौंड देऊ केले. ११ जानेवारी १९१९ रोजी रामानुजन यांनी कुलसचिवांना कळविले की एवढी रक्कम आपणास नको. आईवडिलांना वर्षास ५० पौंड द्यावेत, आपल्या आवश्यक खर्चापलीकडे जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी खर्च व्हावे. फी आणि पुस्तके यांचा अर्थ ज्यास ठाऊक होता त्याचे ते पत्र आहे. कोणत्याही कचेरीच्या दप्तरात असा अर्ज फारसा सापडणार नाही.

१९१९ च्या मार्चअखेर ते मुंबईस उतरले. उन्हाळा कावेरीकाठी कोडुमुडीला गेला, नंतर कुंभकोणम, पुन्हा मद्रास. अंथरुणावर बसून ते लिहीत, जानकी कागद सावरून ठेवी. १२ जानेवारी १९२० च्या पत्रात त्यांनी हार्डींना एका अगदी नव्या प्रकारच्या फलनांची वार्ता कळविली. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात त्यांचे निधन झाले. त्या अखेरच्या वर्षातील शंभरावर पाने केंब्रिजला गेली आणि तेथील ग्रंथालयात पडून राहिली. १९७६ मध्ये अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना ती गवसली, आणि त्यांतील सूत्रांवर अद्याप काम चालू आहे. सन्निधी रस्त्यावरचे घर २००३ पासून तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने जतन केले आहे. त्या विद्यापीठाचे रामानुजन पारितोषिक ३२ वर्षांपर्यंतच्या गणितींनाच दिले जाते.

जानकीअम्माळ वयाच्या एकविसाव्या वर्षी विधवा झाल्या. काही वर्षे त्या मुंबईस भावाकडे होत्या. तेथून १९३१ मध्ये मद्रासला परतल्या आणि ट्रिप्लिकेनला बिऱ्हाड करून शिवणकाम आणि विद्यापीठाचे अल्प निवृत्तिवेतन यांवर राहिल्या. पुढे एका अनाथ मुलास त्यांनी दत्तक घेतले आणि शिकविले. पतीचा पुतळा उभारू असे आश्वासन मिळाले होते, तो झाला नाही, ही खंत उतारवयात त्यांनी बोलून दाखविली. ती वार्ता परदेशी पोहोचली तेव्हा देशोदेशींच्या गणितींनी वर्गणी काढली, आणि अमेरिकन शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी घडविलेला ब्राँझचा अर्धपुतळा त्यांच्या घरी आला. पारपत्रासाठी काढलेल्या एका छायाचित्रावरून तो बनविलेला आहे. १९९४ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत तो त्यांच्याजवळ होता.